हलके भंगार श्रेड करताना: निवडीपासून भट्टीपर्यंत

जालन्याच्या एखाद्या पोलाद वितळवणाऱ्या भट्टीवर टिन-टप्परचा ट्रक आला की काट्यावरच घासाघीस सुरू होते. पत्र्याचे डबे, जुन्या कपाटांचे दरवाजे, कुलरच्या बॉड्या, गाड्यांचे मडगार्ड, सगळे एकमेकांत अडकलेले. ट्रक डोंगरासारखा दिसतो आणि वजन भरते जेमतेम चार-पाच टन. भट्टीवाल्याला हा माल नको असतो, कारण सुट्या पत्र्याची घनता साधारण २०० ते ३०० किलो प्रति घनमीटर असते आणि वितळलेल्या पोलादाची ७००० च्या आसपास. भट्टीचे तोंड भरलेले दिसते, पण वितळून खाली मूठभरच माल जमतो. त्यातच पत्रे तोंडाशी अडकून पूल बांधला गेला तर खालचे द्रव पोलाद विनाकारण तापत राहते, अस्तर खाल्ले जाते आणि पूल अचानक कोसळला तर द्रव बाहेर उसळते.

हाच माल श्रेड होऊन, म्हणजे यंत्रात फाटून-कुटून, मुठीएवढ्या गोळ्यांत आला की घनता ८०० ते ११०० किलोपर्यंत जाते. आंतरराष्ट्रीय व्यापारात श्रेडेड मालाच्या २१० आणि २११ क्रमांकाच्या ज्या प्रती चालतात, त्यांची सरासरी घनता घनफुटाला अनुक्रमे ५० आणि ७० पौंड धरली आहे, म्हणजे साधारण ८०० आणि ११२० किलो प्रति घनमीटर. नव्या श्रेडरवाल्याने हेच दोन आकडे लक्ष्य म्हणून भिंतीवर लिहून ठेवावेत.

यंत्र विकणारे मोटर, ब्लेड आणि ताशी टन यांबद्दल भरपूर बोलतात. धंदा टिकतो की बुडतो हे मात्र यंत्राच्या आधीच्या चौथऱ्यावर आणि नंतरच्या, माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर ठरते. या लेखातला मोठा भाग म्हणूनच त्या दोन जागांना दिला आहे.

कोणता माल श्रेडरचा, कोणता नाही

वाळूज किंवा चाकणच्या प्रेस शॉपमधून येणारे पंचिंग आणि पत्र्याचे कटिंग स्वच्छ, एकाच प्रतीचे असते. ते श्रेड करणे म्हणजे वीज वाया घालवणे. त्याचा बेलिंग प्रेसवर गठ्ठा बांधा किंवा सुटाच विका. लेथचे टर्निंगही इथे नको. लांब गुंडाळ्या रोटरभोवती दोरीसारख्या वळतात, त्यासाठी वेगळा चिप क्रशर लागतो. सहा मिलिमीटरपेक्षा जाड प्लेट, चॅनेल, अँगल, शाफ्ट, गिअर हे जड भंगार गॅस कटरने किंवा शिअरने कापून सरळ भट्टीला जाते. बीड म्हणजे कास्ट आयर्न हातोड्याखाली फुटते आणि पोलादाच्या मालात मिसळले की कार्बन व फॉस्फरस वाढवते, त्याचा ढीग वेगळा लावा.

श्रेडरसाठी उरतो तो पातळ, पोकळ, रंगवलेला, मातीने भरलेला माल: पिपे, डबे, कपाटे, पत्र्याचे फर्निचर, वॉशिंग मशीनच्या बॉड्या, सायकली, वाहनांची कवचे. वाहनांच्या बाबतीत कागद आधी पाहा. २०२१ च्या वाहन स्क्रॅपिंग नियमांनुसार गाडी मोडण्याचे काम नोंदणीकृत केंद्रातच होते. तिथून येणाऱ्या कवचातून इंधन, तेल, बॅटरी, एअरबॅग आणि गॅस काढलेले असणे अपेक्षित आहे. अपेक्षित असले तरी प्रत्येक कवच उघडून तपासा.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा जमेल तितका बाजूला ठेवा. जस्त ९०७ अंशांना उकळते. भट्टीवर त्याचा पांढरा धूर उठतो आणि वाफ अस्तरात शिरते. भट्टीवाला असा माल पूर्ण नाकारत नाही, प्रमाण ठरवून मागतो. खाण्याच्या डब्यांच्या पत्र्यावर कथिलाचा मुलामा असतो. कथिल पोलादातून निघत नाही आणि तांब्याबरोबर मिळून रोलिंगमध्ये त्रास देते. हाही ढीग वेगळा.

निवडीचा चौथरा

माल ट्रकमधून थेट फीडरवर, म्हणजे यंत्रात माल ढकलणाऱ्या भागावर, कधीही ओतू नका. सिमेंटचा पक्का चौथरा हवा, निदान एका ट्रकचा माल गुडघाभर उंचीत पसरता येईल एवढा. उंच ढिगात काही दिसत नाही. ग्रॅबने (यांत्रिक पंज्याने) माल उचलून, हलवून पसरा, मग माणसे आत जाऊ देत. ग्रॅब चालू असताना चौथऱ्यावर कोणीही नसावे.

ट्रक काट्यावर असतानाच किरणोत्साराचा मीटर दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवा. आधी रिकाम्या जागेचे नेहमीचे रीडिंग रोज लिहून ठेवा. ट्रकजवळ ते दुप्पट झाले तर ट्रक तिथेच थांबवा, माणसे लांब करा आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. ट्रक मालकाकडे परत पाठवू नका, कारण मग तो स्रोत कुठे गेला हे कोणालाच कळत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले प्रयोगशाळेतले जुने यंत्र लिलावातून आले, ते मोडले गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. बाहेरून ते साधे जड धातूचे भांडे दिसत होते. जाड शिशाचे कवच, तीन पात्यांचे किरणोत्साराचे चिन्ह, विनाकारण जड लागणारा छोटा डबा, असे काही दिसले की हात लावू नका.

आता बंद भांडी. श्रेडरमधले बहुतेक स्फोट यांच्यामुळे होतात. घरगुती गॅसचा सिलिंडर भंगारात आला तर तो रिकामा आहे असे धरूच नका. ती गॅस कंपनीची मालमत्ता असते, वितरकाकडे द्या. फायर एक्स्टिंग्विशर, शॉक अॅब्सॉर्बर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, सीएनजीची टाकी, स्प्रेचे डबे हे प्रत्येक वेगळ्या पिंजऱ्यात टाका. शॉक अॅब्सॉर्बरमध्ये गॅस दाबाखाली असतो, तो साच्यात पकडून भोक पाडून मोकळा करावा लागतो. झाकण घट्ट बसलेला प्रत्येक पिपा दोन्ही टोकांनी उघडा हवा. ज्यात थिनर, तेल किंवा पेट्रोल होते त्या पिप्याला गॅस कटर लावू नका. आतली वाफ पेटून पिप्याचे बूड उडते. आधी पाण्याने धुवा, पाणी भरलेले असतानाच छिन्नीने उघडा, मग ओता. पाणी राहिलेला बंद तुकडा श्रेडरमधून तसाच निसटला तर धोका भट्टीवर जातो: एक लिटर पाण्याची क्षणात सुमारे १७०० लिटर वाफ होते, तीही द्रव पोलादाच्या पृष्ठभागाखाली.

देवळाली, अहिल्यानगर अशा लष्करी सरावाच्या परिसरातून आलेल्या मालात तोफगोळ्यांचे तुकडे आणि कधी न फुटलेले गोळेही असू शकतात. २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातले गोळे फुटून कामगार दगावले. न श्रेड केलेल्या आयात भंगाराला तपासणी प्रमाणपत्राची सक्ती आली ती त्यानंतर. गोल, टोकदार, तांब्याची पट्टी असलेली कोणतीही वस्तू दिसली की काम थांबवून पोलिसांना फोन.

बॅटऱ्या दोन कारणांनी बाहेर काढा. शिशाची बॅटरी फुटली तर आम्ल आणि शिसे सगळ्या मालावर पसरते. लिथियमची बॅटरी, मग ती मोबाइलची असो की ई-बाइकची, चिरडली की पेटते, आणि ती आग यंत्रात नव्हे तर तासाभराने मालाच्या ढिगात दिसते. ढीग म्हणूनच रात्री एकदा हाताने नाही, तापमापकाने तपासा.

शेवटी तांबे. मोटर, स्टार्टर, अल्टरनेटर, ट्रान्सफॉर्मर, वायर हार्नेस (गाडीतल्या तारांचा जुडगा) हे सगळे यंत्राआधीच सोडवून घ्या. तांबे वेगळे विकले तर लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो. लोखंडात गेले तर तेच नुकसान करते. पुढे पट्ट्यावर याचा हिशेब येईलच.

या चौथऱ्यावर ताशी चार-पाच टनांसाठी निदान सहा अनुभवी माणसे लागतात. खर्च कमी करायचा म्हणून इथली माणसे सर्वांत आधी काढली जातात, ही श्रेडर धंद्यातली सर्वांत महाग चूक आहे.

यंत्र निवडताना

दोन जातींचा विचार करा. दुहेरी शाफ्टचा शिअर श्रेडर मिनिटाला १० ते ३० फेऱ्यांनी, जबरदस्त पिळाने चालतो. आकडेदार पाती मालाला पकडून आत ओढतात आणि शेजारच्या पात्याच्या कडेवर कात्रीसारखे कापतात. आवाज व धूळ कमी, अडकले की आपोआप उलटा फिरतो, बंद पिपाही सावकाश फुटतो. मात्र बाहेर येतात त्या पट्ट्या. रंग आणि माती बऱ्यापैकी चिकटून राहते आणि घनता अपेक्षेएवढी वाढत नाही.

हॅमर मिल वेगळी. रोटरवर पिनांमध्ये लोंबणारे हातोडे फिरतात, माल ऐरण-पट्टीवर आपटून फाटतो आणि जाळीतून निघेपर्यंत आत गोळा होत राहतो. त्या मारामारीत गंज, रंग, सिमेंट, माती सुटते, गोळा घट्ट होतो. भट्टीला हवा तो माल हाच. ताशी ४ ते ५ टन हलका माल काढायचा तर साधारण २५० ते ३१५ किलोवॉटची मोटर धरा. म्हणजे टनाला ५० ते ६५ युनिट वीज फक्त मिलची.

पैसे असतील तर दोन्ही ओळीने लावा: आधी शिअर, मग हॅमर मिल. शिअर बंद भांडी सावकाश उघडतो, माल एकसारखा करतो आणि मिलचा अँपिअर काटा उड्या मारणे थांबतो. एकच घेता येत असेल आणि गिऱ्हाईक इंडक्शन भट्टी असेल, तर हॅमर मिलच घ्या.

पाया मिलच्या वजनाच्या निदान तिप्पट, आणि शेडच्या खांबांपासून तोडलेला. कंपने खांबांत गेली की छपराचे बोल्ट सुटायला लागतात. मोटर स्लिप-रिंगची किंवा सॉफ्ट स्टार्टरसह. जड रोटर थेट सुरू केला तर सुरुवातीचा करंट पूर्ण भाराच्या सहापटीपर्यंत उसळतो. महावितरणची उच्चदाब जोडणी आणि पॉवर फॅक्टर सांभाळणारे कपॅसिटर पॅनेल आधीच अर्जात धरा.

चालवण्याचा क्रम

सुरू करताना मागून पुढे: धूळ ओढणारा पंखा, बाहेरचे पट्टे, चुंबक, मिलखालचा व्हायब्रेटर, मग मिल. रोटर पूर्ण वेगाला आला, करंट खाली बसला, तेव्हाच फीडर. बंद करताना उलट: फीडर थांबवा, मिल आतून रिकामी होऊ द्या, चार-पाच मिनिटांनी मिल, मग बाकी. मिल भरलेली असताना बंद केली तर पुन्हा सुरू होत नाही आणि आतला माल हाताने काढावा लागतो.

ऑपरेटरने डोळा मालावर आणि अँपिअर मीटरवर ठेवायचा. पूर्ण भाराच्या ७० ते ८५ टक्क्यांत काटा स्थिर राहील असा फीडर चालवा. काटा वर जाऊन खाली येतच नाही, तर जाळी तुंबली आहे. काटा खाली, पण मालही कमी पडतो आहे, तर हातोड्यांच्या कडा गोल झाल्या आहेत. ते माल पकडत नाहीत, फक्त ढकलतात. बाहेरचा गोळा अचानक मोठा यायला लागला तर जाळीची पट्टी तुटली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. बेअरिंग ८० अंशांच्या वर गेले की थांबा, ग्रीस मारून पुढे ढकलू नका.

मिलमध्ये उतरण्याआधी: मुख्य स्विच बंद, त्यावर आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाचे स्वतःचे कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. मोटर बंद झाल्यावर जड रोटर १५-२० मिनिटेही फिरत राहू शकतो, आणि पट्टा थांबला म्हणून रोटर थांबला असे होत नाही. थांबल्यावर रोटरला पिन घाला. पिन न घालता एखादा हातोडा हाताने फिरवला तर तोल बदलून पूर्ण रोटर अर्धा फेरा घेतो, आणि माणसाचा हात त्या वेळी ऐरणीजवळच असतो.

हातोडे

हातोडा मँगनीज पोलादाचा: ११ ते १४ टक्के मँगनीज, सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन. हे पोलाद नवीन असताना मऊ असते आणि मार खाऊन पृष्ठभागावर कडक होत जाते. नव्या संचाला म्हणूनच पहिले काही तास थोडा जाड माल मिसळून द्या. नुसता पातळ, वाळूने भरलेला पत्रा दिला तर तो मार न देता घासतो आणि हातोडा कडक होण्याआधीच झिजतो. कायम फक्त पातळ पत्राच चालवणार असाल तर मिश्रधातूचे कडक हातोडे जास्त टिकू शकतात. दोन्हींचे संच लावून प्रत्येकाने किती टन काढले ते लिहा आणि मग ठरवा.

हातोड्याचे पोलाद अस्सल आहे का, हे चुंबकाने कळते. हातोड्याचा कोपरा ग्राइंडरने थोडा उघडा करून चुंबक लावा. मँगनीज पोलाद चुंबकाला चिकटत नाही. हाच गुण पुढे त्रास देतो: हातोड्याचा तुकडा तुटला तर चुंबक तो लोखंडात उचलत नाही, तो अॅल्युमिनियम-तांब्याच्या ढिगात जाऊन पडतो. हातोडा तुटल्याचा संशय आला की तुकडा तिथे शोधा, जाळीत नाही.

हातोड्याची एक कड गोल झाली की उलटवून दुसरी वापरा. संच बसवताना प्रत्येक हातोडा काट्यावर तोला, वजन रंगाने त्याच्यावर लिहा आणि समोरासमोरच्या ओळींत वजनाची जोडी जुळवा. फरक छोटा वाटतो. मिनिटाला ९०० फेऱ्यांवर, मध्यापासून ५० सेंटिमीटरवर २०० ग्रॅमचा फरक म्हणजे सुमारे ९० किलोचा धक्का, सेकंदाला १५ वेळा, त्याच बेअरिंगवर. एकच हातोडा तुटला तर त्याच्या समोरचाही बदला. तुटलेल्या जागी नवा पूर्ण वजनाचा हातोडा आणि समोर झिजलेला, ही जोडी बेअरिंगचे आयुष्य महिन्यात संपवते.

वेल्डिंग भरून हातोडा पुन्हा वापरायचा असेल तर लहान लहान टाके, मध्ये थंड होऊ द्या. टाक्याजवळचे पोलाद २६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ते ठिसूळ होऊन पहिल्याच जड तुकड्यावर फुटते.

चुंबकानंतरचा पट्टा

मिलमधून माल निघाला की हवेच्या झोताने फोम, कापड, प्लास्टिक, रंगाची पूड वेगळी होते. नंतर चुंबकी ड्रम लोखंड उचलतो. उरलेले अॅल्युमिनियम, तांबे, पितळ, स्टेनलेस, दगड, रबर पुढे एडी करंट सेपरेटरवर (लोखंड सोडून इतर धातू वेगळे उडवणाऱ्या यंत्रावर) किंवा हाताने निवडले जाते. ३०४ प्रतीचे स्टेनलेस चुंबकाला लागत नाही, तेही इथेच सापडते आणि चांगल्या भावाने जाते.

चुंबकाने उचलला म्हणजे तो माल शुद्ध, असा समज मात्र महागात पडतो. मोटरचे आर्मेचर आठवा: मधे लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि त्याच्यावर तांब्याची गुंडाळी. चुंबक गाभा पकडतो, तांबे त्याच्याबरोबर आपोआप जाते. मिलमधून आलेल्या गोळ्यांमध्ये ते काळपट, अंड्याएवढे आणि एका बाजूला लालसर तारांचे टोक दिसणारे असे ओळखू येते. लोखंडाच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे, पट्ट्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, वर भरपूर पांढरा उजेड आणि मालाचा थर एकाच गोळ्याचा. थर दोन गोळ्यांचा झाला की खालचे काही दिसत नाही.

यावर इतका भर का? इंडक्शन भट्टीत तांबे जळत नाही, मळीत (वितळलेल्या पोलादावर तरंगणाऱ्या कचऱ्यात) जात नाही, जेवढे गेले तेवढे सळईत राहते. रोलिंगच्या तापमानाला लोखंडाचा पृष्ठभाग जळतो, तांबे तिथे साचून वितळते आणि कणांच्या सीमांत शिरते. सळईच्या अंगावर भेगा पडतात. पाव टक्का तांबे म्हणजे एका टनात अडीच किलो. हातात मावणारी आठ-दहा आर्मेचर निसटली तरी एका टनाचे गणित बिघडू शकते. फॉस्फरस आणि गंधकालाही मर्यादा आहे: सळईच्या भारतीय मानकानुसार (आयएस १७८६) एफई ५०० डी प्रतीच्या सळईत प्रत्येकी ०.०४० टक्के आणि दोन्ही मिळून ०.०७५. गंधक रबर व तेलातून येते, म्हणून टायरचे तुकडे आणि तेलकट माल भट्टीवर पोचू नये.

मोजमाप

घनता मोजायला २०० लिटरचा पिपा पुरतो. आधी रिकामा तोला, मग काठोकाठ पाणी भरून तोला. फरकाचे किलो म्हणजे पिप्याचे खरे लिटर, बहुतेक वेळा २१० च्या पुढे. नंतर माल फावड्याने भरा, न ठोकता, आणि तोला. मालाचे वजन भागिले लिटर, गुणिले हजार. दर पाळीला एकदा.

घट, म्हणजे मालातली माती-कचरा, मोजायला १०० किलो माल वेगवेगळ्या पाच जागांवरून घ्या, सहा मिलिमीटरच्या चाळणीवर हलवा, हातचुंबकाने लोखंड काढा, उरलेले तोला. हीच चाचणी येणाऱ्या कच्च्या मालावरही ट्रकगणिक करा. समजा १० टनांचा ट्रक ३० रुपये किलोने घेतला आणि ६ टक्के घट धरली असताना ती १२ टक्के निघाली, तर ६०० किलो मातीचे १८,००० रुपये गेले. मिलची सगळी वीज मिळून त्या ट्रकला एवढा खर्च आला नसेल.

रोज संध्याकाळी आलेले वजन एका बाजूला, आणि लोखंड, अलोह (अॅल्युमिनियम, तांबे असे इतर धातू), फ्लफ (फोम, कापड, प्लास्टिकचा हलका कचरा), धूळ दुसऱ्या बाजूला मांडा. दोन्हींत एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर काटा, ओलावा किंवा चोरी, या क्रमाने शोधा. अनोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या धातू भंगारावर १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी खरेदीदाराने भरायचा असतो. खरेदीचा हिशेब त्या ओळीनेच ठेवा.

फ्लफ, धूळ आणि पावसाळा

फ्लफमध्ये तेल, शिसे, रंग आणि ज्वलनशील फोम असतो. तो कुंपणाबाहेर टाकणे किंवा वीटभट्टीला देणे बंद करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात या कचऱ्याची जात आणि ठिकाण लिहिलेले असते. तळोजा, रांजणगाव इथे घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रे आहेत. बॅग फिल्टरच्या पिशव्यांवरचा दाबफरक रोज वाचा. तो अचानक शून्याकडे गेला तर पिशवी फाटली आहे आणि सगळी धूळ कामगारांच्या छातीत जाते आहे. मिलजवळ कानांचे संरक्षण प्रत्येकाला, पाहुण्यालाही.

श्रेड केलेला माल बाहेर येतो तेव्हा हाताला चटका बसेल इतका गरम असतो. तो पसरून गार होऊ द्या, मगच ढीग. मालावर पाण्याचा फवारा धूळ बसवण्यापुरताच. जास्त पाणी म्हणजे रात्रीत लाल गंज. जूनच्या आधी तयार मालासाठी छप्पर आणि चार बोटे उतार असलेली फरशी करून घ्या. गोळ्यांच्या पोकळ्यांत पाणी साठते, वरून माल सुकलेला दिसतो आणि तळातला ओलाच राहतो. पावसाळ्यात ट्रक भरताना ढिगाच्या तळातला पहिला थर बाजूला काढून उन्हात पसरा, आणि तो भट्टीवर पाठवायचाच असेल तर ओला असल्याचे काटापावतीवर लिहून द्या.